दायित्व, विमा आणि सूट

१. संज्ञानिश्चय

कामाच्या जागी इजा झाली असता तिचा आर्थिक भार कोणी वाहावा, याची तीनच उत्तरे संभवतात : कामगाराने, नियोक्त्याने, किंवा दोघांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीने. भारतात १ जुलै १९२४ पर्यंत व्यवहारात पहिलेच उत्तर चालत असे, कारण मालकाचा निष्काळजीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध करणे गिरणी कामगाराच्या आवाक्यात नव्हते. त्या दिवशी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम अमलात आला आणि त्याने दुसरे उत्तर दिले. तिसरे उत्तर १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने दिले; त्याला प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाची पार्श्वभूमी होती. हे दोन्ही अधिनियम २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले असून संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. तथापि उत्तरे दोनच राहिली : संहितेचे चौथे प्रकरण राज्य विम्याचे, सातवे नुकसानभरपाईचे. न्यायनिर्णय जुन्या अधिनियमांवरचे असल्याने येथे परिभाषाही तीच ठेवली आहे.

चार संज्ञा आधी स्थिर केल्या पाहिजेत. नियोक्ता म्हणजे ज्याच्या सेवेत इजा झाली तो. मग तो एकटा मालक असो, भागीदारी असो, कंपनी असो वा ठेकेदार. दायित्व म्हणजे इजा होताच त्याच्यावर येणारे भरपाईचे बंधन. त्यासाठी त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. विमा म्हणजे ते बंधन निभावण्याची इजेपूर्वीच करून ठेवलेली तरतूद. सूट दोन प्रकारची : (अ) विम्याच्या सक्तीतून सूट आणि (आ) दायित्वातूनच सूट. पहिली विपुल आहे, दुसरी अत्यल्प. औद्योगिक वसाहतीत 'आम्हाला लागू नाही' असे जे ऐकू येते त्यात बहुधा या दोहोंची गल्लत असते. नऊ माणसांच्या गाळ्याला राज्य विमा सक्तीने लागू नाही, हे खरे. म्हणून तेथे तुटलेल्या बोटाची भरपाई लागू नाही, हे खोटे. विम्यातून सुटलेला नियोक्ता दायित्वातून सुटत नाही. ते दायित्व सबंध त्याच्या एकट्याच्या खिशावर येते. पुढील विवेचन या एकाच विधानाचा विस्तार आहे.

२. क्षेत्र

विवेचनासाठी पिंपरी-चिंचवडमधील निगडी निवडण्याचे कारण असे की येथे नियोक्त्यांचे सर्व प्रकार थोड्या अंतरात भेटतात. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेल्या पेठांत मोठ्या वाहन कारखान्यांचे कायम कामगार स्थिरावले. भक्ती-शक्ती चौकातून तळवडे-चिखलीकडे वळले की गाळे आणि पत्र्याच्या शेड सुरू होतात. तळवडे-म्हाळुंगे मार्गे पुढे गेले की चाकणची वसाहत लागते. या पट्ट्यात चार प्रकारचे नियोक्ते आहेत : (१) वाहन तयार करणारा मूळ उत्पादक, (२) त्याला थेट सुटे भाग पुरवणारा, स्वतःचा भूखंड असलेला वेंडर, (३) वेंडरचे जॉब वर्क करणारा, पाच ते पंधरा माणसांचा गाळा, (४) यंत्र वा जागा काहीही नसलेला, फक्त माणसे पुरवणारा लेबर कॉन्ट्रॅक्टर. माल चौथ्याच्या माणसाच्या हातून तिसऱ्याच्या प्रेसवर आकार घेतो आणि पहिल्याच्या असेंब्ली लाइनवर पोचतो. दायित्व मात्र मालाबरोबर त्या वाटेने वर जात नाही. हे का, ते सहाव्या भागात पाहू.

३. दोन वर्तुळे

पहिले वर्तुळ राज्य विम्याचे. त्यात येण्यासाठी दोन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. एक आस्थापनेची : कारखान्यात दहा किंवा अधिक व्यक्ती कामाला असणे. दुसरी कर्मचाऱ्याची : मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असणे. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची. अपंग कर्मचाऱ्यासाठी ती २५,००० आहे. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर नियोक्त्यासाठी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्यासाठी ०.७५ टक्के आहे. सरासरी रोजचे वेतन १७६ रुपयांपर्यंत असेल तर कर्मचाऱ्याचा हिस्सा माफ. नियोक्त्याचा माफ नाही.

दहाची मोजणी वाटते तितकी सरळ नाही. तीत ठेकेदाराची माणसे धरली जातात आणि २१,००० च्या वर पगार असणारा सुपरवायझरही धरला जातो, जरी त्याचा स्वतःचा विमा होणार नसला तरी. मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी संख्या दहावर गेली असली तरी पुरे. आणि एकदा आस्थापना वर्तुळात आली की पुढे माणसे सहावर उतरली तरी ती बाहेर पडत नाही. म्हणूनच हजेरीपटावर नववे नाव लिहून थांबण्याची, किंवा एकाच छताखाली एक फर्म आपल्या आणि एक पत्नीच्या नावे दाखवण्याची युक्ती प्रचलित आहे. मालकी, व्यवस्थापन, पैसा, मनुष्यबळ आणि कामाचे परस्परावलंबन एक असल्यास दोन्ही फर्म एकच मानल्या जातात. वीजमीटर दोन असल्याने फारसे काही सिद्ध होत नाही.

दुसरे वर्तुळ नुकसानभरपाईचे, आणि त्याची व्याख्या नकारात्मक आहे : जेथे पहिले लागू नाही तेथे हे. संहितेने हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. त्यापूर्वी १९४८ च्या अधिनियमातील ५३ वे कलम तेच करीत असे, आणि ए. ट्रेहान विरुद्ध असोसिएटेड इलेक्ट्रिकल एजन्सीज या १९९६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले : विमाधारक कामगारास त्याच इजेसाठी १९२३ च्या अधिनियमाखाली दावा करता येत नाही. यातून दोन निष्कर्ष निघतात. कोणालाही दोन्हीकडून लाभ नाही. आणि दायित्वाच्या दृष्टीने कोणताही कर्मचारी दोन्हींच्या बाहेर नाही. पहिल्या वर्तुळातून ज्या ज्या कारणाने माणूस बाहेर पडतो, मग ते संख्येचे असो, वेतनाचे असो, हंगामी कारखान्याचे असो किंवा शासनाच्या सूट-आदेशाचे, त्या कारणाने तो दुसऱ्यात येतो.

१९२३ च्या अधिनियमात पूर्वी दोन मोठ्या फटी होत्या. तुरळक कामावरचा आणि मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेला माणूस 'कामगार' नव्हता. ती फट २००० च्या दुरुस्तीने बुजली. कारकुनी काम करणारा बाहेर होता. तो २००९ च्या दुरुस्तीने आत आला, आणि त्याच दुरुस्तीने अधिनियमाच्या नावातील 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला.

शिकाऊ उमेदवाराचे स्थान स्वतंत्रपणे नोंदवले पाहिजे, कारण या पट्ट्यात त्यांची संख्या मोठी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली नोंदलेला उमेदवार राज्य विम्यात येत नाही. पण त्याच अधिनियमाचे १६ वे कलम त्याच्या इजेची भरपाई १९२३ च्या अधिनियमाप्रमाणे देण्याचे बंधन नियोक्त्यावर घालते. नुसते 'ट्रेनी' असे नाव दिल्याने कोणी शिकाऊ उमेदवार होत नाही. करार नोंदलेला नसेल तर तो साधा कर्मचारी आहे, आणि दहांत मोजला जातो.

४. हिशेब

दोन वर्तुळांतील भेद आकड्यांशिवाय कळत नाही. पंचवीस वर्षांचा हेल्पर घेऊ, वेतन १५,००० रुपये. प्रेसच्या एका स्ट्रोकमध्ये एका हाताची दोन बोटे गेली. १९२३ च्या अधिनियमाच्या अनुसूचीनुसार एका हाताची दोन बोटे गमावणे म्हणजे उपार्जनक्षमतेची २० टक्के हानी. (अंगठा गेल्यास ३० टक्के, चारही बोटे गेल्यास ५०, अंगठ्यासह पूर्ण पंजा गेल्यास ६०. अनुसूची बोटाच्या पेरापर्यंत उतरते : तर्जनी पूर्ण १४, दोन पेरे ११, एक पेर ९, हाड न जाता नुसते टोक ५.)

दुसऱ्या वर्तुळात भरपाई एकरकमी आहे. कायम पूर्ण विकलांगतेसाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणतात. पंचविसाव्या वर्षाचा गुणक २१६.९१. म्हणून ९,००० गुणिले २१६.९१, म्हणजे १९,५२,१९०. त्याचे २० टक्के : ३,९०,४३८ रुपये. मृत्यू झाला असता ५० टक्क्यांचा हिशेब, म्हणजे १६,२६,८२५. काम बंद असलेल्या काळात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे अर्धा पगार. शिवाय २००९ पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, कमाल मर्यादेविना.

पहिल्या वर्तुळात त्याच माणसाला उपचार विम्याच्या यंत्रणेतून मिळतात. निगडीकरासाठी जवळचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरचे. रजेच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के. बोटांसाठी एकरकमी काही नाही. वैद्यकीय मंडळाने २० टक्के हानी ठरवली तर रोजच्या ५०० रुपयांच्या ९० टक्क्यांचा पाचवा भाग, म्हणजे दिवसाला ९० रुपये, आयुष्यभर. वर्षाला ३२,८५०. बारा वर्षांच्या आत ही रक्कम दुसऱ्या वर्तुळातल्या एकरकमी आकड्याला गाठते, आणि कामगार तेव्हा अवघा सदतिशीत असतो. म्हणजे तरुण कामगाराला पहिले वर्तुळ अधिक देते. फक्त ते हातात एकदम काही ठेवत नाही, आणि गावाकडे कर्ज असलेल्या माणसाला हा फरक लहान वाटत नाही.

याहून विलक्षण परिणाम वरच्या वेतनश्रेणीत दिसतो. पस्तिशीचा, ३०,००० कमावणारा कुशल कामगार वेतनमर्यादेमुळे राज्य विम्याबाहेर आहे. दुसऱ्या वर्तुळात मात्र हिशेबापुरते वेतन ३ जानेवारी २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० धरले जाते. तो कामावर मेला तर ७,५०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४,७७,९५०. त्याच लाइनवर २०,००० कमावणारा सहकारी मेला तर अवलंबितांना दरमहा सुमारे १८,००० पर्यंत वाटून मिळतात : विधवेस मृत्यू वा पुनर्विवाहापर्यंत, मुलांस ठरलेल्या टप्प्यापर्यंत. पूर्ण दराने सात वर्षांत ही रक्कम पहिलीला मागे टाकते. पगारवाढीने माणूस संरक्षणात खाली उतरतो, ही या रचनेतील सर्वांत मोठी विसंगती आहे, आणि संहितेनेही ती सोडवलेली नाही. एवढी सवलत आहे की एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च या वर्गणी-कालाच्या मध्ये वेतन २१,००० ओलांडले तर तो काल संपेपर्यंत विमा चालू राहतो.

५. सक्ती कोठे आहे आणि कोठे नाही

पहिल्या वर्तुळात दायित्व आणि विमा एकरूप आहेत. वर्गणी भरली की नियोक्ता मोकळा. दुसऱ्या वर्तुळात कायदा दायित्व घालतो आणि थांबतो. विमा उतरवलाच पाहिजे असे तेथे कोठेही म्हटलेले नाही, आणि न उतरवल्याबद्दल दंडही नाही. न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध हर्षदभाई मोढिया या २००६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर विमा कंपनीला व्याजाच्या बोज्यातून सोडले : मोटार वाहन कायद्याप्रमाणे येथे सक्तीचा विमा नाही, तेव्हा पॉलिसी हा निव्वळ करार आहे, आणि करारात व्याज वगळले असेल तर ते नियोक्त्याने भरावे.

तुलना केली असता ही पोकळी अधिक ठळक होते. वाहनाचा चालक मेला तर त्याच्या भरपाईचे दायित्व मोटार वाहन कायद्याच्या सक्तीच्या विम्यात येते. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेल्या १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाने घातक पदार्थ हाताळणाऱ्यांवर विम्याची सक्ती केली, पण कामगाराला वगळून; कुंपणाबाहेरच्या माणसासाठी विमा सक्तीचा, आतल्यासाठी ऐच्छिक. उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) संहितेचे ५७ वे कलम विमा सक्तीचा करते. म्हणजे निवृत्त होणाऱ्याची रक्कम सुरक्षित करणे संसदेला आवश्यक वाटले. बोट तुटलेल्याची नाही. यामागे योजना नसून इतिहास आहे. जर्मनीने १८८४ मध्ये अपघाताचा प्रश्न आरंभापासून सक्तीच्या विम्याने सोडवला. ब्रिटनने १८९७ मध्ये फक्त दायित्व घातले. १९२३ चा भारतीय अधिनियम ब्रिटिश साच्यावर बेतला गेला. ब्रिटनने तो साचा १९४६ मध्ये टाकून दिला आणि आपण तो ठेवला. अमेरिकेतील टेक्सास राज्यात खाजगी नियोक्त्याला आजही या विम्याबाहेर राहता येते, पण बाहेर राहिलेल्यावर न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा चालतो आणि त्यात त्याचे काही नेहमीचे बचाव कायदा हिरावून घेतो. आपल्याकडे बाहेर राहण्याला अशी कोणतीही किंमत नाही.

ही पोकळी बाजाराने अंशतः भरली आहे. मोठ्या कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराच्या माणसांचे पास काढताना ईएसआयचे, म्हणजे राज्य विम्याचे, चलान किंवा 'डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी' मागतात. अधिनियमाचे नाव बदलून दीड दशक उलटले तरी पॉलिसीला जुन्या नावाचीच आद्याक्षरे चिकटली आहेत. पण गेटवर कागद दाखवण्यापुरती काढलेली पॉलिसी आणि दायित्व झाकणारी पॉलिसी यांत अंतर असते, आणि ते चार ठिकाणी पडते. हप्ता एकूण वेतनावर ठरतो, म्हणून वेतन व माणसे कमी दाखवली जातात आणि दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येते. ठेकेदाराची माणसे स्वतंत्रपणे जाहीर केली नसतील तर ती झाकली जात नाहीत. उपचारखर्च बहुधा वेगळा हप्ता भरून, तोही मर्यादेसह, जोडून घ्यावा लागतो, तर दायित्व अमर्याद आहे. आणि उशिराबद्दलचा दंड पॉलिसीत येत नाही. भरपाई देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो; वेदप्रकाश गर्ग विरुद्ध प्रेमीदेवी या १९९७ च्या निर्णयाप्रमाणे हा दंड नियोक्त्याच्या स्वतःच्या कसुरीचा असल्याने विमा कंपनीवर पडत नाही. 'देय' केव्हा, हेही निश्चित आहे : प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयाप्रमाणे अपघाताच्या दिवशी, भरपाईचे दावे ठरवणाऱ्या आयुक्तांनी आकडा ठरवला त्या दिवशी नव्हे. त्याच निर्णयात एक हात गमावलेला सुतार पूर्ण विकलांग ठरला, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. अनुसूचीची टक्केवारी हा खालचा उंबरठा आहे. धंदा कोणता, हे पाहून आयुक्त तिच्या वर जाऊ शकतात.

६. दायित्वातून सूट

आता (आ) प्रकार. येथे सूट व्यक्तीला वा आस्थापनेला नसून विशिष्ट घटनेला आहे. विकलांगता तीन दिवसांहून अधिक टिकली नाही तर भरपाई नाही. त्याशिवाय तीन अपवाद : कामगार मद्याच्या वा अमली पदार्थाच्या अमलाखाली असणे, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश वा नियम त्याने हेतुपुरस्सर मोडणे, सुरक्षासाधन त्याने हेतुपुरस्सर काढणे वा डावलणे. हे तिन्ही अपवाद मृत्यूला आणि कायम पूर्ण विकलांगतेला लागू नाहीत. म्हणजे दारू प्यालेला कामगार प्रेसखाली मेला तर भरपाई देय. त्याची दोन बोटे गेली तर नियोक्ता बचाव मांडू शकतो.

तिसरा अपवाद प्रेस-शॉपमध्ये सर्वाधिक पुढे केला जातो, म्हणून तो जवळून पाहिला पाहिजे. पॉवर प्रेसवर कामगार डाव्या हाताने पत्रा डायमध्ये सरकवतो, उजव्याने तयार तुकडा उचलतो, पाय पेडलवर असतो. गार्ड बसवला की हात प्रत्येक वेळी बाहेर आल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, आणि तासाचे नग घटतात. नगांवर लक्ष्य ठरलेले असते. अशा ठिकाणी गार्ड कोपऱ्यात उभा केलेला आढळतो आणि दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक कायमचे दाबून बांधलेले असते. प्रेसने पेडल न दाबता दुसरा स्ट्रोक दिला, म्हणजे प्रेस 'रिपीट' झाली, की बोटे जातात. प्रश्न असा : गार्ड कामगाराने काढला का? अपवादाचा आधार घ्यायचा तर काढणे कामगाराचे हवे, ते हेतुपुरस्सर हवे, अपघात थेट त्यामुळेच घडलेला हवा, आणि हे सर्व सिद्ध करण्याचा भार नियोक्त्यावर आहे. सेट-अप करणाऱ्याने पाळीच्या आरंभी काढलेला आणि सुपरवायझरने रोज पाहिलेला काढून ठेवलेला गार्ड या अपवादात बसत नाही. राज्य विम्यात तर कामगाराने नियम मोडला असला तरी तो मालकाच्या कामासाठीच मोडला असेल तर इजा कामाचीच मानली जाते. वाहन उद्योगातील अशा इजांवर सेफ इन इंडिया फाउंडेशन 'क्रश्ड' या नावाने वार्षिक अहवाल काढते. अनेक जखमींचे विमा-ओळखपत्र अपघाताच्या दिवशी किंवा नंतर निघाले, हे त्यांत वारंवार नोंदलेले आहे. नोंदणी नेमणुकीनंतर १० दिवसांत व्हायला हवी. ती न झाल्याने कामगाराचा हक्क जात नाही : संरक्षण ओळखपत्रावर अवलंबून नसून अशा आस्थापनेतील नोकरीवर अवलंबून आहे, आणि राज्य विमा महामंडळ लाभ देऊन नियोक्त्याकडून वसुली करू शकते.

परवाना नसणे हीही सूट नव्हे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्यांच्या शेडला आग लागली आणि मुख्यतः महिला कामगार मरण पावल्या. ही शेड आवश्यक परवानगीविना चालत असल्याचे पुढे आले. भरपाईच्या कलमात परवान्याचा उल्लेखच नाही. सेवा आणि सेवेतून उद्भवलेली इजा एवढेच घटक त्यात आहेत. शासन जाहीर करते ती मदत सानुग्रह असते. ती दायित्वात वळती होत नाही.

व्यवसायजन्य रोगांना हीच तत्त्वे लागू होतात. भोसरीच्या फाउंड्रीतील सिलिकोसिसचा कामगार अपघातग्रस्तच मानला जातो, फक्त सिद्धतेचे नियम वेगळे आहेत. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात पूर्वी वादग्रस्त होता. १९९६ मध्ये फ्रान्सिस डी'कोस्टा प्रकरणात कारखान्यापासून एक किलोमीटरवर सायकलवर घडलेला अपघात कामाचा नाही, असे ठरले. २०१० मध्ये राज्य विमा अधिनियमात प्रवास आला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, उस्मानाबादच्या म्हणजे आजच्या धाराशिवच्या भागातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना मेला त्या प्रकरणात, नोकरीशी वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा संबंध जुळत असल्यास हेच तत्त्व १९२३ च्या अधिनियमालाही लावले. संहितेत ते आता मुळातच आहे. चाकणहून रात्रीच्या पाळीनंतर दुचाकीने निगडीला परतणाऱ्यासाठी हा बदल सर्वांत मोठा आहे.

उरतो ठेका. ठेकेदाराचा माणूस मूळ मालकाच्या आवारात, मालकाच्याच धंद्याचा भाग असलेल्या कामावर जखमी झाला तर दावा थेट मूळ मालकावर करता येतो; मालकाने भरावे आणि ठेकेदाराकडून वसूल करावे. राज्य विम्यातही वर्गणी आधी प्रधान नियोक्त्याने, म्हणजे मूळ मालकाने, भरायची. परंतु या नियमाला जागेची मर्यादा आहे. अपघात मालकाच्या वा त्याच्या नियंत्रणाखालील आवारात घडला पाहिजे. वेंडरने तोच भाग तळवड्याच्या गाळ्यात जॉब वर्कला दिला की गाळा वेंडरच्या नियंत्रणाखाली नाही, आणि दायित्व गाळ्याच्या दारापाशीच थांबते. दुसऱ्या भागात जे म्हटले की दायित्व मालाबरोबर वर जात नाही, त्याचे कारण हे. धोक्याचे काम बाहेर पाठवल्याने धोका कमी होत नाही. तो ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्याकडे जातो. कायद्याच्या या एका वाक्यावर पट्ट्यातील निम्मी अर्थव्यवस्था उभी आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण गाळ्याचा दर परवडतो याच्या कारणांत ते एक आहे.

७. तडजोड

दायित्व गाळ्यापाशी थांबल्यावर तेथे बहुधा मिटवामिटवी होते. मुकादम मध्ये पडतो, काही हजार रोख, गावी जायचे भाडे, आणि स्टॅम्प पेपरवर 'माझी काही तक्रार नाही'. कायद्याच्या दृष्टीने हा कागद निरर्थक आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार शून्यवत आहे. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते. वारसाला परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल सोडल्यास, भरपाई धरली जात नाही. म्हणजे जो नियोक्ता भलेपणाने परस्पर पैसे देतो त्याला ते पुन्हा भरावे लागू शकतात. दावा दोन वर्षांत करायचा असतो, आणि १९९५ च्या दुरुस्तीपासून तो वारस जेथे राहतात तेथेही करता येतो. लातूरहून किंवा बिहारहून पुण्याच्या खेपा घालण्याची गरज नाही. २०१७ पासून हे हक्क नेमणुकीच्या वेळी कर्मचाऱ्याला त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी कळवणे नियोक्त्याचे कर्तव्य असून न कळवल्यास १९२३ च्या अधिनियमाखाली ५०,००० ते १,००,००० रुपये दंड होता.

८. अवशिष्ट

नऊ माणसांच्या गाळ्यापुढे तीन मार्ग आहेत : काहीच न करणे, डब्ल्यूसी पॉलिसी घेणे, किंवा संहितेने दिलेल्या मुभेप्रमाणे बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या संमतीने स्वेच्छेने राज्य विम्यात जाणे. तिसऱ्याचा खर्च काढता येतो. नऊ जणांचे वेतन दरमहा १,३५,०००. नियोक्त्याचा हिस्सा ४,३८७ रुपये ५० पैसे. वर काढलेली दोन बोटांची भरपाई, ३,९०,४३८ रुपये, ही अशा एकोणनव्वद महिन्यांच्या वर्गणीइतकी आहे. तीत रुग्णालयाचे बिल धरलेले नाही. शिवाय या मार्गाने आजारपण व प्रसूतीही झाकली जाते, जे पॉलिसीत नाही. कागदपत्रांचा आणि तपासणीचा धाक हेच या मार्गावरचे खरे विघ्न आहे, आणि तो धाक अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही.

दोन्ही वर्तुळांच्या बाहेर शेवटी एकच माणूस राहतो. गाळ्याचा मालक, जो स्वतःही प्रेसवर बसतो. तो कर्मचारी नाही, दहांत मोजला जात नाही, त्याला नियोक्ता नाही. त्याचे बोट गेल्यास दायित्व कोणावरच नाही. त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात पॉलिसी हाच उपाय आहे, आणि तिचा हप्ता त्याचा त्यालाच भरावा लागतो.